संसर्गजन्य नमुने कोकणातून पाठवताना: पॅकिंग कसं करावं

सिंधुदुर्गातला रक्ताचा नमुना पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) पोचायला घाट ओलांडावाच लागतो. गाडी अडकली तरी बर्फ वितळायचा थांबत नाही. त्यामुळे पेटी हिंदकळेल, उलटी होईल, आत पाणी होईल हे धरूनच पॅकिंग करावं.

आधी गट ठरवा. संसर्ग झाल्यास जीवघेणे ठरू शकणारे नमुने अ गटात, बाकीचे ब गटात; प्रत्येक गटाला धोकादायक मालाचा संयुक्त राष्ट्रांचा (यूएन) क्रमांक असतो. डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिसचं रक्त किंवा टीबीची थुंकी साधारणपणे ब गटात, म्हणजे यूएन ३३७३. हेच जंतू लॅबमध्ये मुद्दाम वाढवलेले (कल्चर) असतील, तर डेंग्यू आणि टीबी अ गटात जातात. माकडतापाचं तसं नाही. त्याचा विषाणू आंतरराष्ट्रीय यादीत ‘फक्त कल्चर’ या अटीविना अ गटात आहे, यूएन २८१४. संशयित रुग्णाचं रक्त घरगुती जुळणीच्या पेटीत घालू नका. जिल्हा सर्वेक्षण कक्षाकडून प्रमाणित पेटी मागवा. पुढचं सगळं ब गटासाठी.

सीरम (रक्त गोठल्यावर वर येणारा पिवळसर द्रव) स्क्रू झाकणाच्या क्रायोव्हायलमध्ये, म्हणजे गारठ्यात टिकणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत घ्या; हा पहिला थर. दाबून बसणारं झाकण वाटेत उघडतं. व्हायल काठोकाठ भरू नका, बाहेरून कोरडी पुसा. झाकणावर पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट पट्टी) झाकण ज्या दिशेने घट्ट होतं त्याच दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळली तर ताणाने झाकण सैल होतं. नाव-क्रमांक परमनंट मार्करने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. जेल पेनची शाई दमट हवेत पसरते.

प्रत्येक व्हायल वेगळी गुंडाळून कापसासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा; हा दुसरा थर, म्हणजे दुसरा डबा. सगळ्या व्हायल फुटल्या तरी सगळा द्रव शोषेल एवढा कापूस हवा. ५ मिलीच्या चार असतील, तर तेवढ्याच कापसावर २० मिली पाणी ओतून बघा. इथे हमखास घोळ होतो. टेस्ट ट्यूबला बोळे करायचा कापूस पाणी शोषतच नाही, आणि लॅबच्या कपाटात दोन्ही रोल शेजारीशेजारी असतात.

दुसरा डबा गळका नसावा: आत कोरडा टिश्यू ठेवून, झाकण लावून पाण्यात बुडवा, टिश्यू ओला झाला की डबा बाद. विमानाने जाणार असेल तर पहिला किंवा दुसरा थर ९५ किलोपास्कल दाब सोसणारा हवा.

आइस पॅक दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवा. सीरमसाठी ते दगडासारखे घट्ट गोठलेले हवेत. रात्री वीज गेली असेल तर एकेक हलवून खात्री करा. अख्खं रक्त पाठवत असाल तर उलट करा. पॅक फ्रीजरमधून बाहेर काढून ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबा. रक्त गोठलं तर लाल पेशी फुटतात आणि नमुना वाया. सुट्या बर्फाच्या पिशव्या टाळा. पॅक नरम पडले की डबा हलायला लागतो, म्हणून चारी बाजूंनी पुठ्ठा ठासून भरा. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरलात तर पेटी हवाबंद करू नका, वायूच्या दाबाने ती फुटते. पेटीवर यूएन १८४५ आणि ड्राय आइसचं वजन लिहा.

नुसतं थर्मोकोल म्हणजे बाहेरचा थर नव्हे. त्यावर कडक पेटी हवी, निदान एक बाजू १०० × १०० मिमीची. फॉर्म प्लास्टिक पिशवीत घालून दुसऱ्या डब्याबाहेर ठेवा. व्हायलबरोबर कोंबलेला फॉर्म गळतीने भिजला तर तो हातात कोण धरणार? पेटीवर यूएन ३३७३ चा चौकट-हिरा (टोकावर उभा चौकोन, बाजू किमान ५० मिमी), त्याशेजारी इंग्रजीत पदार्थाचं ठरलेलं नाव (‘Biological substance, Category B’), शिवाय दोन्ही टोकांचे पत्ते आणि फोन नंबर. पावसाळ्यात पेटीवर प्लास्टिक चढवा, पण खुणा दिसू द्या; आत ड्राय आइस असेल तर मात्र प्लास्टिक नको.

एसटीच्या पार्सलात टाकून मोकळं होऊ नका. सोमवार ते गुरुवारमध्येच, समोरच्या लॅबला फोन करून पाठवा. चालकाला सांगून ठेवा: गळती दिसली तर पेटी उघडायची नाही, फोन करायचा. सांडलेलं पुसायचंच झालं तर हातमोजे घालून वर टिश्यू टाका, १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओतून अर्धा तास थांबा. काचा चिमट्यानेच उचला.

नमुन्यांसाठी लसीचा कॅरियर (लस नेण्याची थंड पेटी) वापरलात तर तो पुन्हा लसीसाठी चालणार नाही. त्यावर ऑइल पेंटने मोठा लाल पट्टा ओढून टाका, म्हणजे लसीकरणाच्या दिवशी घाईत कोणी उचलणार नाही.