ओव्हरीचा कॅन्सर, पुढची स्टेज: घरच्यांनी तिचं मन कसं सांभाळायचं

घरातल्या बाईला ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर निघाला अन् तोही तिसऱ्या-चौथ्या स्टेजचा, की आपल्याकडं पहिलं काम काय तर फाईल लपवायची. "तिला सांगू नका, हाय खाईल." अहो पण पोटातलं पाणी तिच्याच काढायलेत ना, संभाजीनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलची पाटी तिलाही दिसते, अन् राहिलेलं सगळं शेजारच्या बेडवरची बाई सांगून मोकळी होते. मग ती एकटीच मनात कुढत बसते. म्हणून आधी तिलाच विचारा, "डॉक्टर काय म्हणले ते सगळं ऐकायचंय का थोडंच?" जेवढं विचारील तेवढं सांगा, खोटं मात्र नको.

रडली तर रडू द्या. लगेच "काही होत नाही, पॉझिटिव्ह रहा" सुरू केलं की ती बोलायचीच बंद होते. मरणाचं बोलली तरी विषय बदलू नका, "कशाची भीती वाटायली जास्त?" एवढं विचारा अन् गप बसा. बऱ्याचदा भीती दुखण्याची असते, नाहीतर लेकीच्या लग्नाची, नाहीतर माझ्यापायी रान विकायलेत याची. दुखण्यासाठी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं-त्रास कमी करायच्या उपचाराचं विचारा, ते शेवटच्या दिवसांसाठीच नसतं, केमो चालू असतानाच घेता येतं.

केमोसोबत स्टेरॉइड देतात, त्यानं एक-दोन रात्री झोप उडते, चिडचिड होते. ते मनावर घेऊ नका, डॉक्टरला सांगा.

सीए-१२५ च्या, म्हणजे या कॅन्सरसाठी करतात त्या रक्ततपासणीच्या रिपोर्टआधीचे दिवस लई वाईट. नुसत्या त्या एका आकड्यावर डॉक्टर सगळं ठरवत नाहीत हे तिला सांगून ठेवा, रिपोर्ट कोण आणणार ते आधीच ठरवा, अन् कृपा करून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

भेटायला येणाऱ्यांत "आमची मावशी यातच गेली" म्हणणारी एक तरी असतेच. तिला बाहेरच्या खोलीतच चहा पाजा.

दोन आठवडे झाले तरी कशातच मन नाही, "माझा जाच झालाय तुम्हाला" हेच चालू असेल तर मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा, वेड्याचा डॉक्टर म्हणून लाजू नका, फक्त केमोची फाईल सोबत न्या म्हणजे गोळ्या बघून देतील. जीव द्यायचं बोलली तर त्याच दिवशी, अन् तोवर एकटं सोडू नका. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. रात्र-रात्र जागणाऱ्या लेकीनं नाहीतर सुनेनं स्वतःसाठी लावला तरी चालतो.