मिसकॅरेजनंतर घरात काय करायचं, काय बोलायचं

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिला घोळ पुष्कळदा कागदावरून होतो. डिस्चार्ज कार्डावर 'मिस्ड अबॉर्शन', 'इनकम्प्लीट अबॉर्शन' नाहीतर 'स्पॉन्टेनियस अबॉर्शन' असं लिहिलेलं असतं. घरातलं कुणी शिकलेलं ते वाचतं आणि हिने पाडून घेतलं की काय, अशी कुजबुज सुरू होते. डॉक्टरी भाषेत वीस आठवड्यांच्या आत गर्भ गेला तर तो आपोआप गेलेला असो वा काढलेला, दोन्हींना अबॉर्शनच म्हणतात. स्पॉन्टेनियस म्हणजे आपोआप. मिस्ड म्हणजे गर्भाची वाढ थांबली, पण तो पोटातच राहिला. इनकम्प्लीट म्हणजे काही भाग आत राहिला, म्हणून पिशवी साफ करावी लागली. हे नवऱ्यानं त्याच दिवशी घरातल्या मोठ्यांना नीट सांगायचं. ते तिच्यावर सोडायचं नाही.

दुसरा प्रश्न 'कशानं झालं' हा. पपई खाल्ली, खंबाटकी घाटात एसटीचे गचके बसले, पाण्याची कळशी उचलली, शेजारणीची दृष्ट लागली. यातलं एकही कारण नव्हे. ज्या गरोदरपणाचं निदान झालेलं असतं, त्यातल्या साधारण शंभरातल्या दहा ते वीस गरोदरपणात असं होतं. बहुतेक वेळा ते पहिल्या बारा आठवड्यांतच होतं आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची जोडणीच मुळात चुकलेली असते. हे सासूबाईंनी सुनेकडून ऐकलं तर ती कारणं सांगते असं वाटतं. डॉक्टरांकडून ऐकलं तर पटतं. म्हणून फेरतपासणीला त्यांना सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा, "डॉक्टर, हिच्या हातून काही चूक झाली का?" एवढा एक प्रश्न पुढची कित्येक वर्षांची टोचणी वाचवतो.

आधी शरीर, कारण मन त्याच्याच आधारानं उभं राहतं

अंगावरून जाणं साधारण एक ते दोन आठवडे चालतं, हळूहळू कमी होत जातं. तासाला दोन पॅड भिजताहेत आणि असं दोन तास चाललंय, ताप 100.4 च्या वर गेलाय, घाण वास येतोय किंवा चक्कर येतेय, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. तिचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गरोदरपणात रक्तगटामुळं त्रास होऊ नये म्हणून देतात ते) लागतं का हे 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारायचं असतं. या गडबडीत तेच नेमकं राहून जातं.

रडू येणं, चिडचिड, झोप न लागणं यामागे दुःख तर असतंच, पण गरोदरपणाची हार्मोन्स झपाट्यानं उतरत असतात हेही एक कारण. प्रेग्नन्सी टेस्ट पुढे तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकते. ती पुन्हा पुन्हा करून आशा लावून बसू नये. चौथ्या-पाचव्या महिन्यात किंवा त्यानंतर गर्भ गेला असेल तर दोन ते पाच दिवसांत दूध येऊ शकतं. याची पूर्वकल्पना कुणी देत नाही आणि बाई हादरते ती तिथेच. दूध पिळून काढू नका, त्यानं ते वाढतं. घट्ट पण बोचणार नाही अशी ब्रेसियर घाला, गार पाण्याच्या घड्या ठेवा, फारच दुखलं तर दूध बंद करणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

महिन्याभरानंतरही थकवा गेला नाही तर नुसतं "मनाला लावून घेतलंय" म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. रक्त कमी असलेल्या बाईला निराशेच्या गोळ्या देऊन उपयोग नाही.

बोलायचं कसं

घरात कुणी गेलं की दहावा असतो, तेरावा असतो, लोक भेटायला येतात, चूल शेजारी पेटते. इथं त्यातलं काहीच नसतं. बाळ दिसलं नाही, नाव ठेवलं नाही, म्हणून दुःखही मोजलं जात नाही. चार दिवसांनी बाई पुन्हा भाकऱ्या थापायला बसते आणि सगळ्यांना वाटतं, झालं, निवली. ऊसतोडीच्या फडात तर खाडा पडला की पैसे कापले जातात, तिथं चार दिवससुद्धा मिळत नाहीत.

म्हणून वेळ मुद्दाम काढावा लागतो. रात्रीची जेवणं आवरल्यावर दहा मिनिटं, दोघंच, फोन बाजूला. त्यानं एवढंच विचारायचं: "आज सगळ्यात जड कधी गेलं?" ती बोलली तर ऐकायचं, उपाय सुचवायचा नाही. नाही बोलली तर शेजारी बसून राहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सलग दोन आठवडे हे झालं की बोलण्याची वाट तयार होते.

"दुसरं होईल की", "बरं झालं लवकर समजलं", "अजून वय कुठं गेलंय" ही वाक्यं धीर द्यायलाच म्हटली जातात, पण ऐकणारीला त्यातून 'हे मोजायचंच नाही' असं ऐकू येतं. त्याऐवजी साधं बोला. जाऊबाईंनी म्हणावं, "काय बोलावं सुचत नाही गं, पण मी आहे. आज स्वयंपाक माझ्याकडं." मैत्रिणीनं "काही लागलं तर सांग" असं म्हणून जाऊ नये. खचलेलं माणूस काही मागत नाही. "गुरुवारी दुपारी येते, डबा आणते" असं ठरवून टाकावं.

माहेरी पाठवायचं का, हे तिलाच विचारा. काहींना आईच्या कुशीत बरं वाटतं. काहींना मात्र नेमक्या याच वेळी आपल्याला बाजूला काढलं असं वाटतं, आणि नवरा तिथं एकटा पडतो ते वेगळंच.

नवऱ्याचं काय

त्याला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "वहिनी कशा आहेत?" तू कसा आहेस, हे कुणीच विचारत नाही. तोही मग कारखान्यावर डबल पाळी करतो, बागेत उशिरापर्यंत थांबतो, पिणं वाढतं, छोट्या गोष्टीवरून ओरडतो. घरात तिला वाटतं, याला काहीच वाटत नाही. तो तिच्यासमोर रडला नाही म्हणून ती दुखावते, आणि ती खचेल म्हणून तो रडत नाही. हा पेच सोडवायला एक वाक्य पुरतं: "मलाही ते बाळ हवं होतं." हे त्यानं मोठ्यानं म्हणायचं. तिनंही कधी विचारावं, "अहो, तुम्हाला कसं वाटतंय?"

अपशिंग्यासारख्या गावांतून अनेक जण फौजेत असतात, कुणी मुंबईत माथाडी, विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, परराज्यांत. रजा मिळत नसेल तर रोज ठरलेल्या वेळी फोन करा. फोन अधूनमधून आला तर ती दिवसभर वाट बघते.

आणि काही कामं सरळ त्याच्याकडे द्या. आशाताईंना निरोप देणं हे पहिलं. गरोदरपणाची नोंद झालेली असते. ती बदलली नाही तर 'तपासणीला या' असे फोन आणि मेसेज महिनोन्‌महिने येत राहतात. मोबाइलमधलं गरोदरपणाचं अ‍ॅप काढून टाकणं, नातेवाइकांना बातमी सांगणं, हेही त्याचं. सोनोग्राफीचा फोटो मात्र तिला न विचारता फाडू नका. तो आज नको असला तरी पाकिटात घालून कपाटात ठेवा.

रजा

शिरवळ, कुपवाड, सातारा एमआयडीसीतल्या कंपन्यांत काम करणाऱ्या बायकांनाही ही सोय बऱ्याचदा माहीत नसते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती, 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून दवाखान्यातून निघतानाच दोन झेरॉक्स काढून ठेवा. नवऱ्यासाठी अशी रजा नाही. त्यानं किरकोळ रजा तरी पहिल्या आठवड्यातच टाकावी.

मदत कधी आणि कुठं

रडू येणं, बाळ बघवत नाही असं वाटणं, डोहाळजेवणाला जावंसं न वाटणं यात आजार काही नाही. लाटा येतात, दोन लाटांमधलं अंतर वाढत जातं. पण सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास, जेवण-झोप बिघडलेली, कशातच रस नाही, 'माझ्यामुळंच झालं' हेच डोक्यात, असं असेल तर दाखवा. महिना उलटला तरी रक्त, सोनोग्राफीची खोली डोळ्यांपुढं येत असेल, त्या दवाखान्याच्या रस्त्यावरून जाववत नसेल, तरीही दाखवा. लंडनमध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भ गमावलेल्या बायकांपैकी 29 टक्के जणींना महिन्याभरानं अशी आघाताची लक्षणं होती, नऊ महिन्यांनीही 18 टक्के जणींना होती.

घरबसल्या बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. तो मोफत आणि चोवीस तास चालतो. भाषा विचारतात तेव्हा मराठी निवडा. प्रत्यक्ष जायचं तर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडला कृष्णा रुग्णालय. केसपेपरच्या खिडकीवर 'मनोविकार विभाग' विचारा, डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि शक्य असेल तर दोघंही जा. देवऋषाकडं जायचं घरच्यांच्या मनात असेल तर तिथं वाद घालत बसू नका, पण ही तपासणी त्याआधी उरका.

गोळ्या दिल्या तर दोन ते चार आठवडे फरक जाणवत नाही, आणि पुष्कळ जण नेमक्या त्याच काळात त्या सोडतात. निराशेवरच्या नेहमीच्या गोळ्यांची चटक लागत नाही, पण मनानं एकदम बंद करू नका. पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका.

'मी नसते तर बरं झालं असतं' असं ती किंवा तो म्हणाला तर ऐकून सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. तासगाव, मिरज पट्ट्यात द्राक्षबागेवर फवारायच्या औषधांचे डबे ओसरीवरच असतात. ते कुलपात घाला आणि किल्ली तिसऱ्याच माणसाकडं ठेवा.

पुढचे काही दिवस आधीच ओळखून ठेवा

पहिली पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते आणि रक्त दिसताच सगळं पुन्हा आठवतं. त्या दिवशी त्यानं घरी असावं. पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. लगेच नको असेल तर गर्भनिरोधक साधनाबद्दल पहिल्याच तपासणीत विचारा. सहा महिने थांबायलाच हवं असा जुना सल्ला होता, आता शरीर ठीक असेल तर तेवढा आग्रह धरत नाहीत. घरच्यांच्या घाईसाठी मात्र ठरवू नका. लागोपाठ दोनदा असं झालं असेल तर पुढच्या वेळेआधी दोघांच्याही तपासण्या करून घ्या. फक्त तिच्याच नव्हेत.

प्रसूतीची ठरलेली तारीख दिनदर्शिकेवर दोघांनाच कळेल अशी खूण करून ठेवा. त्या दिवशी पाहुणे, कार्यक्रम, बारशाचं आमंत्रण काहीच घ्यायचं नाही.