कॉलेज फुटबॉलमधली कॉन्फरन्सची पळापळ जळगावात बसून कशी समजून घ्यायची

५ ऑगस्ट २०२३, शनिवार, सकाळी सकाळी मामेभावाचा फोन. तो तेव्हा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावात शिकत होता, आणि फोन उचलल्या उचलल्या म्हणतो दादा, सगळे चालले, आपण चौघंच उरलो. त्याच्या कॉलेजची म्हणजे वॉशिंग्टन स्टेटची टीम ज्या गटात खेळायची त्या पॅक-१२ मधून एका दिवसात पाच कॉलेजं बाहेर पडली होती. पुढे महिना व्हायच्या आत, १ सप्टेंबरला, स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलेचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) पण गेले आणि खरंच दोनच उरले, वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगॉन स्टेट. फैजपूरचा पोरगा, तिकडे जाऊन दोन वर्षं नव्हती झाली, पण त्याचा आवाज घरातलं कोणी गेल्यासारखा होता. तेव्हापासून मी हे प्रकरण नीट समजून घेतोय. आता आपल्याकडची पोरं तिकडे शिकायला निघाली की विचारतात की भो हे कॉन्फरन्स काय असतं, मग दरवेळी फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

आधी पाया. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, लांबट बॉल हातात घेऊन पळायचा आणि एकमेकांना आडवं पाडायचं तो. कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर २०२५ ला १३६ टीम होत्या. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही म्हणून त्यांचे गट आहेत, गट म्हणजे कॉन्फरन्स. बहुतेक मॅच गटातच होतात, गटाचा एक चॅम्पियन ठरतो, आणि टीव्हीचे हक्क कॉलेज एकटं विकत नाही, गट मिळून विकतो. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता नकाशा बाजूला ठेवा. आपल्याला सवय अशी की गट म्हणजे जवळजवळची गावं. १९९० ला जळगावला आपलं विद्यापीठ झालं ते कशासाठी, तर खानदेशातल्या पोरांचा सगळा कारभार पुण्याहून चालायचा आणि एका कागदासाठी तिथपर्यंत जावं लागायचं, म्हणून विद्यापीठ जवळ आणलं. तिकडे उलटं झालंय. लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए २०२४ पासून बिग टेनमध्ये खेळतात, त्याच गटात न्यू जर्सीचं रटगर्स आहे, म्हणजे मुंबई ते भुसावळ जेवढं आहे त्याच्या आठपटीपेक्षा जास्त अंतर. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, नावातच अटलांटिक किनारा आहे आणि त्यात आता पॅसिफिक किनाऱ्याची स्टॅनफर्ड आणि कॅल आहेत. बिग टेनमध्ये दहा नाही, अठरा टीम आहेत. त्यामुळे नावावरून किंवा नकाशावरून काही समजायला गेलात तर डोकं दुखेल.

मग समजायचं कशावरून? केळीवरून समजा. समजा रावेर-यावलकडच्या बारा शेतकऱ्यांनी मिळून एका व्यापाऱ्याशी सौदा केला, एकेकट्याने गेलं तर भाव पाडून मागतो म्हणून एकत्र, आणि येईल तो पैसा बारा जणांत सारखा वाटायचा. पहिली काही वर्षं सगळे खुश. पण त्यातल्या दोघांचे घड असे की व्यापारी येतो तेच मुळी त्यांच्यासाठी, बाकी दहांचा माल तो गाडी भरायला घेतो. ते दोघं किती वर्षं सारखा वाटा घेतील? आणि तेवढ्यात शेजारच्या तालुक्यातला गट सांगतो की आमच्याकडे या, आमचा व्यापारी दुप्पट देतो. कॉन्फरन्स रीअलाइनमेंट म्हणतात ते एवढंच आहे. ज्याच्यासाठी टीव्हीवाले पैसे देतात तो सारख्या वाट्याला कंटाळतो आणि त्याच्यासारख्याच मोठ्यांच्या गटात जातो, मागे राहिलेल्यांचा भाव पडतो.

हे सुरू झालं १९८४ ला. त्याआधी कॉलेजच्या मॅच टीव्हीवर किती आणि कुणाच्या दाखवायच्या ते एनसीएए ही सगळ्यांची मिळून असलेली संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की हा कंट्रोल मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट, ते स्वतः कॉलेजात असताना नावाजलेले फुटबॉल खेळाडू होते, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, मैदानावर घाम गाळलेल्या माणसाला वेगळं दिसलं. निकालानंतर हक्क कॉलेजांकडे आणि गटांकडे आले आणि ज्याची ताकद जास्त त्याचा भाव जास्त, असं सुरू झालं. बारा वर्षांत टेक्सासकडचा साउथवेस्ट कॉन्फरन्स हा जुना गट बंद पडला. १९९६ ला त्यातले चार बिग १२ या दुसऱ्या मोठ्या गटात गेले आणि राइस, टीसीयू, एसएमयू, ह्यूस्टन हे खालच्या गटांत ढकलले गेले.

आता कामाची गोष्ट. एक वही घ्या आणि प्रत्येक मोठ्या गटापुढे टीव्हीचा करार कधी संपतो ते वर्ष लिहा. बातम्या, अफवा, कोचची भाषणं हे सगळं नंतर. करार संपायच्या दोन-चार वर्षं आधी पळापळ होते. पॅक-१२ चा करार २०२४ ला संपणार होता, यूएससी-यूसीएलएने ३० जून २०२२ ला सांगितलं की आम्ही चाललो, आणि निघाले बरोबर २०२४ ला. बिग १२ चा २०२५ ला संपणार होता, टेक्सास आणि ओक्लाहोमाने २०२१ च्या जुलैमध्येच एसईसी या दक्षिणेकडच्या मोठ्या गटाचा रस्ता धरला, आणि एक वर्ष आधी सुटायला दोघांनी मिळून १० कोटी डॉलर भरले.

पॅक-१२ नेमकं कुठे चुकलं ते पण याच वहीत दिसतं. बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्हीवाल्यांबरोबर सात वर्षांचा ७ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. बिग १२ चा करार संपायला वेळ होता तरी त्यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये ईएसपीएन आणि फॉक्सबरोबर नवा करून टाकला. म्हणजे बाजारात दोन गाड्या आधीच भरून गेल्या, आणि पॅक-१२ वाले जास्त भावाची वाट बघत बसले. केळीला थांबता येत नाही हे आपल्याकडच्या लहान पोराला पण माहीत आहे. शेवटी २०२३ च्या ऑगस्टला हातात राहिली ती ॲपलची स्ट्रीमिंगची ऑफर, तीही किती लोक वर्गणी भरतील त्यावर अवलंबून. ४ ऑगस्टला ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, तेही सुरुवातीला पूर्ण वाटा न घेता, आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, यूटा हे बिग १२ ला. आपल्याकडे तेव्हा ५ तारीख उजाडलेली होती, तोच तो फोन.

वहीत दुसरा रकाना करा, ग्रँट ऑफ राइट्सचा. हे जड वाटतं पण आपण उभ्या बागेचा सौदा करतो तसं आहे. कॉलेज गटाला लिहून देतं की अमुक वर्षापर्यंत माझ्या घरच्या मैदानावरच्या मॅचचे टीव्ही हक्क तुझे, मी गट सोडला तरी तुझेच. मग दुसरा गट त्याला घेऊन काय करणार, माल तर आधीच विकलेला. एसीसीने हे २०३६ पर्यंत बांधून ठेवलंय, म्हणून फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ ला आणि क्लेमसनने मार्च २०२४ ला कोर्टात धाव घेतली. मार्च २०२५ ला तडजोड झाली, त्यात बाहेर पडायची रक्कम वर्षागणिक कमी होत जाणार आणि ज्याच्या मॅच जास्त बघितल्या जातात त्याला जास्त पैसा. माझं मत स्पष्ट आहे, सारखा वाटा एकदा मोडला की गट नावापुरता राहतो. बिग टेनचा करार २०३० च्या आसपास संपतो, बिग १२ चा २०३१ ला. आत्ता जे पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी २०२८ पासून कान उघडे ठेवा.

एसएमयूचं बघा. १९९६ ला बाहेर फेकलं गेलेलं डॅलसचं हे कॉलेज मोठ्या गटात परत यायला इतकं आतुर होतं की एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं घेणार नाही या अटीवर ते आत आलं. पैसे न घेता आत, कारण बाहेर राहण्याची किंमत त्यांनी पंचवीस वर्षांच्या वर मोजली होती.

ताकदीचा फरक मैदानावर बघायचा असेल तर सप्टेंबरचं वेळापत्रक काढा. मोठी टीम लहान टीमला पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावते, लहान टीम बहुतेक वेळा हरते आणि त्या पैशावर आपला खेळाचा विभाग चालवते. १ सप्टेंबर २००७ ला मिशिगनने ॲपलाचियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन बोलावलं होतं, मिशिगन देशात पाचव्या नंबरवर, बघायला लाखाच्या वर माणसं, आणि ॲपलाचियन स्टेट ३४-३२ ने जिंकलं. मिशिगनने जिंकायला मारलेली शेवटची किक त्यांनी हाताने अडवली. ही मॅच शोधून बघाच, नियम कळले नाहीत तरी चालेल.

प्लेऑफ, म्हणजे देशाचा चॅम्पियन ठरवायची शेवटची बाद फेरी, थोडक्यात. २०२४ च्या सीझनपासून बारा टीम घेतात, त्याआधी चारच घ्यायचे, आणि २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकून, एसीसीची चॅम्पियन होऊनही बाहेर ठेवली, एक मॅच हरलेलं अलाबामा आत. फ्लोरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू जखमी होता हे कारण दिलं गेलं. खेळाडूंना आता २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे कमवता येतात आणि कॉलेजही बदलता येतं, त्यामुळे लहान टीमने घडवलेला पोरगा दुसऱ्या वर्षी मोठ्या टीमच्या जर्सीत दिसला तर दचकू नका.

जुन्या लढती मात्र जपून बघा, कारण पळापळीत सगळ्यात आधी त्याच तुटतात. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११ नंतर तेरा वर्षं एकमेकांशी खेळले नाहीत, फक्त गट वेगळे झाले म्हणून, ३० नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा भेटले. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट १९०० पासून खेळतात, गट फुटला तरी त्यांनी मॅच चालू ठेवली.

इथून बघायचं तर वेळ अशी: त्यांची शनिवार दुपारी बाराची मॅच म्हणजे आपली रात्री साडेनऊ, साडेतीनची म्हणजे रात्री एक, संध्याकाळी साडेसातची रविवारी पहाटे पाच. हे पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांचं घड्याळ मागे जातं तेव्हा सगळ्यात एक तास वाढवा. पश्चिमेकडच्या उशिराच्या मॅच रविवारी सकाळी आठला लागतात, चहा-पोह्यांबरोबर आरामात होतात, आमच्या घरी आता मामा पण येऊन बसतात.

आणि त्या उरलेल्या दोघांचं. नोव्हेंबर २०२३ ला वॉशिंग्टन राज्यातल्या कोर्टाने गटाच्या कारभाराचा ताबा जाणाऱ्या दहांकडे न ठेवता राहणाऱ्या दोघांकडे दिला, म्हणजे नाव आणि तिजोरी त्यांच्याकडे राहिली. त्या जोरावर त्यांनी बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, यूटा स्टेट आणि टेक्सास स्टेट यांना बोलावून गट पुन्हा बांधायला घेतला, १ जुलै २०२६ पासून. मामेभाऊ आता नोकरीला दुसऱ्या राज्यात आहे पण त्याने मला आत्ताच सांगून ठेवलंय की पुलमनची मॅच असेल त्या रविवारी सकाळी दादा फोन चालू ठेव.