सायलेन्सरच्या पाइपला कोणता रंग टिकतो?
साधा ऑइलपेंट मारू नका, पहिल्याच लांब फेरीत त्याचे पोपडे निघतात. डब्यावर 600 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त लिहिलेला, सिलिकॉनवाला हीटप्रूफ स्प्रे घ्या. इंजिनातून निघणारा बाक सगळ्यात जास्त तापतो, तिथे तडजोड नको. खर्च झेपत असेल तर सिरॅमिक कोटिंग केव्हाही उजवं.

पण रंग भारी असून भागत नाही. गंज पॉलिश पेपरने घासून काढा, थिनरने पुसा आणि मग बोटही लावू नका. तेलकट ठसा राहिला की रंग तिथूनच सुटतो. दोन-तीन पातळ हात द्या. वाळल्यावर इंजिन 10 मिनिटं चालू ठेवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा थोडा जास्त वेळ. तापल्याशिवाय हा रंग पक्का होत नाही. धूर निघेल, वासही येईल, म्हणून हे उघड्यावरच करा.