डोमकळी जवळून टिपताना: रेंजफाइंडरसाठी भिंगे आणि जोडण्या

यवतमाळ-वर्ध्याकडच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीने पाकळ्या विणून बंद केलेली डोमकळी रेंजफाइंडर कॅमेऱ्याने (ज्यात भिंगातून नव्हे, तर व्ह्यूफाइंडरच्या वेगळ्या खिडकीतून पाहत दोन प्रतिमा जुळवून फोकस करतात) टिपायची असेल, तर पहिली अडचण अंतराची येते. कारण या कॅमेऱ्यांची बहुतेक भिंगे ७० सेंटिमीटर ते १ मीटरच्या अलीकडे फोकस होत नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुढे फिरवून बसवायचे क्लोजअप भिंग. मूळ भिंग अनंतावर (सर्वांत दूरच्या फोकसवर) ठेवून +२ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे माप) क्लोजअप भिंग लावले, की ५० सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट येते; मूळ भिंग १ मीटरवर आणले, की हेच अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर होते. मात्र व्ह्यूफाइंडर या भिंगातून पाहत नाही, त्यामुळे त्यातली जुळलेली प्रतिमा इथे निरुपयोगी ठरते आणि चौकटही सरकते. म्हणून नेमक्या लांबीची पऱ्हाटीची काडी क्लोजअप भिंगापासून कळीपर्यंत धरून अंतर मोजावे, भिंगाचे छिद्र एफ/११ च्या आसपास, म्हणजे लहान, ठेवावे आणि वारा सुटण्याआधीच काम उरकावे. लायकाचे १९५६ चे ड्युअल रेंज समिक्रॉन हे भिंग चष्म्यासारख्या जोडणीसह ४८ सेंटिमीटरपर्यंत व्ह्यूफाइंडरमधूनच अचूक फोकस देते; पण काही डिजिटल कॅमेऱ्यांवर ते पूर्ण चालत नाही, तेव्हा आधी लावून पाहावे. व्हिसोफ्लेक्सची (लायकाची जोडणी) आरसापेटी घेणे म्हणजे रेंजफाइंडरचा एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीने थेट भिंगातूनच पाहता येणारा कॅमेरा, करणे. धुऱ्यावरून चालताना ते ओझे मला तरी पटत नाही.