दारू सोडण्यासाठी जवळची मीटिंग कशी शोधावी

दारू सोडायची आहे आणि त्यासाठी आधारगटाची मदत घ्यायची आहे, एवढे ठरले आहे असे धरूनच मी पुढचे लिहितो. शोधाला लागण्यापूर्वी एकच सूचना आहे. जो रोज भरपूर पितो आणि ज्याचे हात सकाळी पहिला घोट घेईपर्यंत थरथरत राहतात, त्याने मीटिंगला कोरडे जायचे म्हणून पिणे एकाएकी तोडू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भास, ताप आणि भ्रम अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा. पिणे अजून सुटलेले नसले तरी मीटिंगला जाता येते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, म्हणजे एए या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटामध्ये, सभासदत्वाची अट पिणे थांबवण्याची इच्छा, एवढीच आहे.

गट कोणता निवडावा यावर फार डोके खपवू नये. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या एएच्या मीटिंग सर्वाधिक ठिकाणी भरतात, म्हणून सुरुवात तिथून करावी. एएचा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांवर चालतो, त्यांमधली ईश्वराची भाषा ज्यांना खटकते, त्यांनी स्मार्ट रिकव्हरीसारखा मानसशास्त्रीय तंत्रांवर चालणारा गट पाहावा. पिणारा स्वतः यायला तयार नसेल, तर घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट १९५१ पासून आहे.

मीटिंगची यादी शोधताना त्या त्या संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावरच जावे. नुसते ‘व्यसनमुक्ती’ असे शोधले, की वर जाहिराती येतात आणि त्यांतले बरेचसे क्रमांक पैसे घेऊन दाखल करून घेणाऱ्या केंद्रांचे असतात. केंद्रात दाखल होणे काहींना आवश्यकही असते, पण ती वेगळी गोष्ट झाली. पलीकडचा माणूस आगाऊ रकमेविषयी किंवा विम्याविषयी विचारू लागला, तर आपण मीटिंगच्या क्रमांकावर नाही, हे ओळखून फोन ठेवावा. एएच्या मीटिंगला ना शुल्क असते, ना नावनोंदणी.

खरी अडचण पत्ता हाती आल्यावर सुरू होते आणि नेमके याविषयीच कोणी सांगत नाही. गटाची स्वतःची जागा बहुधा नसते. शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाचे सभागृह किंवा रुग्णालयातली एखादी खोली आठवड्यातून तास-दीड तासासाठी घेतलेली असते आणि ती बदलली, तरी यादीत जुनाच पत्ता कित्येक महिने राहू शकतो. नव्या माणसांना सोबत म्हणून जाताना कुलूपबंद फाटकासमोर उभे राहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. जुना सभासद अशा वेळी हसून घरी जातो; पण आठवडाभर मनाची तयारी करून आलेला नवा माणूस तिथून सरळ गुत्त्याकडे वळू शकतो. म्हणून ‘पत्ता मिळाला, आता फक्त जा’ हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो.

निघण्यापूर्वी, शक्यतो त्याच दिवशी, त्या संघटनेच्या मदतवाहिनीला फोन करावा. हा फोन पुष्कळदा स्वतः दारू सोडलेला स्वयंसेवकच उचलतो, त्यामुळे संकोच बाळगू नये आणि आपली सगळी कहाणी सांगण्याचीही गरज नाही. मीटिंग आज भरणार आहे का, ती खुली आहे की बंद, भाषा कोणती आणि आत जायचे दार कोणते, एवढे विचारावे. खुल्या मीटिंगला नातेवाईक किंवा मित्र बरोबर येऊ शकतात. बंद मीटिंग मात्र ज्यांना स्वतःला पिण्याचा प्रश्न आहे, त्यांच्यापुरतीच असते. दाराचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण संध्याकाळी शाळेचे मुख्य फाटक बंद असते, मंडळी मागच्या जिन्याने वर जातात आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर ‘एए’ ही दोन अक्षरे आणि एक बाण, एवढीच खूण असते. पहारेकऱ्याला ‘संध्याकाळची मीटिंग कुठल्या खोलीत आहे?’ असे विचारले तरी पुरते. दारूचा उल्लेख करावा लागत नाही. याउपर, दारापाशी कोणी भेटेल का, असे फोनवर अवश्य विचारावे. गटांना ही विनंती सवयीची असते आणि माझ्या मते आधीचे सगळे प्रश्न विसरले तरी चालतील, हा विसरू नये.

दहा मिनिटे आधी पोहोचावे. बोलायची पाळी आली, तर नुसते पहिले नाव सांगावे किंवा ‘आज फक्त ऐकतो’ म्हणावे. आग्रह कोणी करत नाही. ऐच्छिक वर्गणीची थैली फिरली, तर नव्या माणसाने ती पुढे सरकवावी.

एका मीटिंगवरून मत बनवू नये, कारण प्रत्येक गट स्वायत्त असतो आणि एकाच शहरातील दोन गटांची धाटणीही वेगळी असते. तीन-चार गट पाहून मगच ठरवावे. मीटिंग संपल्यावर लगेच काढता पाय घेऊ नये. खुर्च्या रचून ठेवल्या जात असताना दोन-तीन जणांचे फोन क्रमांक मागून घ्यावेत आणि पुढची मीटिंग कोणत्या दिवशी, कुठे आहे, हेही त्यांनाच विचारावे. त्यांची माहिती यादीपेक्षा ताजी असते.