शेजारी लेआउट पडला, रस्ता रुंद झाला तर जंगलाची तब्येत कशी तपासायची

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, लोंढा बाजूला अजून जंगल भरपूर आहे, गाडीतून जाताना हिरवंगार दिसतंय म्हणून आपण निवांत असतो. पण शहर पसरतं तेव्हा जंगल एकदम जात नाही ओ, आधी त्याची कड बिघडते आणि मग ती कड आत आत सरकत जाते. म्हणून तपासायची ती कडच, आणि त्याला शास्त्रज्ञ लागत नाही, गावातली चार पोरं पुरतात.

आधी घरी बसून गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांचे फोटो बघा. कॉम्प्युटरवर घड्याळाचं चिन्ह दाबलं की वर्षं मागे सरकवता येतात. शेत कुठं एन.ए. (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले, रिसॉर्टसाठी कच्चा रस्ता कुठं आत गेला, जंगलाचा एक सलग पट्टा कुठं दोन तुकडे झाला ते दिसेल. जागेचा सर्व्हे नंबर कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर मिळतो, तो लिहून ठेवा, पुढं लागतो.

मग पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कडेपासून सरळ आत चालत जा (भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, आपल्या गावालगतचं रान बघा). झाडं तुटली की कडेला ऊन आणि कोरडा वारा घुसतो, जमीन सुकते, आणि तिथं रानमोडी आणि घाणेरी ही झुडपं माजतात. रस्त्यालगत थोडी असणारच, त्याला घाबरायचं कारण नाही, पण ती किती पावलं आत गेलीय ते मोजा आणि दरवर्षी त्याच वाटेनं मोजा. उन्हाळ्यात हीच रानमोडी वाळून वणवा आत नेते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी बघत नाही: पोटची रोपं, म्हणजे मोठ्या झाडांखाली आपोआप उगवलेली. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा चौकोन धरा, एक कडेला आणि एक बराच आत, आणि त्यात ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, हिरडा ह्यांची गुडघ्याएवढी आणि कमरेएवढी रोपं वेगवेगळी मोजा. वर मोठी झाडं आहेत पण खाली एक पण रोप नाही, तर ते जंगल म्हातारं होऊलालंय असं समजा, आज कितीही हिरवं दिसू दे. गुडघ्याएवढी आहेत पण कमरेएवढी नाहीत, तर चराई नाहीतर आग त्यांना वाढू देत नाही. अकेशिया, निलगिरीची लागवड ह्यात धरू नका, ती जंगलाची रोपं नव्हेत.

वर पण बघा. बऱ्याच झाडांचे शेंडे वाळलेत का, पानांवर धुळीचा थर आहे का, खोडावर दगडफूल आहे का. हवा खराब झाली की झुपकेदार दगडफूल आधी जातं, खोडाला चिकटलेलं तेवढं राहतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या फांद्या वर एकमेकींना भिडतात का तेही बघा, कारण शेकरू फांद्याफांद्यांवरूनच फिरतं, मधे उघडं आभाळ आलं की त्याची वाट तुटली. धनेश पक्ष्याला तर ढोली असलेलं जुनं मोठं झाड लागतं, आणि रुंदीकरणात नेमकी तीच झाडं जातात! धनेश गेला की फळांच्या बिया लांब नेऊन टाकणारं पण कोणी उरत नाही.

पाण्यासाठी सोपं काम. जवळचा ओहोळ कुठल्या महिन्यात आटतो ते विहिरीच्या पातळीबरोबर वहीत लिहा. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते आणि हुबळी-धारवाडपर्यंत लोक तिचं पाणी पितात, म्हादई नदी पण ह्याच खानापूर तालुक्यातली, म्हणजे इथली पालापाचोळ्याची मऊ जमीन पाऊस जिरवते म्हणून खाली पाणी आहे. जेसीबीनं दाबलेल्या प्लॉटवर तोच पाऊस धावत निघून जातो.

गवे, हत्ती उसात यायला लागले की लोक जनावरालाच दोष देतात. तारीख, जागा लिहा आणि नकाशावर ठेवून बघा, त्यांच्या जुन्या वाटेत नवीन कुंपण किंवा रात्रभर जळणारे लाईट आलेत काय ते.

दोन वर्षांच्या नोंदी आणि त्याच जागेचे तारखेसह फोटो झाले की ग्रामसभेत मांडा आणि ठरावात घ्यायला लावा. वनहक्क कायदा 2006 लागू असेल तिथं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. झाडं तोडताना दिसली तर परवानगीचा कागद मागा, कर्नाटकात 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं खाजगी जागेत पण बऱ्याच झाडांना परवानगी लागते. तक्रार वनखात्याकडे लेखी द्या, सर्व्हे नंबर टाका आणि पोचपावती घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.